मोठ्या रुग्णालयात काम करणे कसे असते?

लहान दवाखान्यातील नोकरी सोडून मोठ्या रुग्णालयात परिचारिका म्हणून जावे का आणि तेथील काम नेमके कसे असते, असे आपण विचारले आहे. मी दोन्ही ठिकाणी काम केले असून गेली अकरा वर्षे एका मोठ्या रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आहे.

लहान ठिकाणी रुग्ण दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत त्याला आम्हीच तिघी-चौघी पाहत असू, त्यामुळे बरेचसे लक्षातच राहत असे. मोठ्या रुग्णालयात तोच रुग्ण आपत्कालीन विभाग, क्ष-किरण विभाग, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग आणि वॉर्ड असा फिरतो, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याची माहिती नव्या माणसाच्या हाती जाते. माझ्या मते तेथील खरी जोखीम याच सांध्यांत असते. पाळी बदलताना ‘ओव्हर’ देण्यात, म्हणजे रुग्णांची माहिती पुढच्या पाळीतील परिचारिकेला सोपवण्यात, जाणारी पंधरा-वीस मिनिटे नव्या मुलींना कंटाळवाणी वाटतात; पण खाटेजवळ उभे राहून पंपावरील औषधाचा वेग दोघींनी मिळून तपासणे हे इंजेक्शन देण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे.

हे मी अनुभवाने शिकले. एका रुग्णाच्या रक्तातील पोटॅशियम ६.८ आले होते (साधारणपणे ते ३.५ ते ५ च्या दरम्यान असते, आणि इतके वाढल्यास हृदयाचे ठोके बिघडू शकतात). प्रयोगशाळेने नियमाप्रमाणे तातडीने फोन केला, पण तो रुग्ण तासाभरापूर्वीच आमच्याकडे हलवलेला असताना फोन गेला जुन्या वॉर्डात. तेथे कोणीतरी आकडा चिठ्ठीवर लिहून ठेवला आणि तो आमच्यापर्यंत पोहोचायला चाळीस मिनिटे लागली. कॅल्शियम, त्यामागोमाग इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन रुग्ण सावरला. कामचुकार म्हणावे असे त्यात कोणीच नव्हते. तेव्हापासून फोनवर आलेला अहवाल मी रुग्णाच्या नावासह मोठ्याने परत वाचून दाखवते आणि रुग्ण सध्या कोठे आहे हेही सांगते.

शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणी-यादीचेही तसेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये आणलेल्या या यादीत, छेद घेण्यापूर्वी चमूतील प्रत्येकाने आपले नाव आणि काम सांगायचे असते. मला सुरुवातीला हा प्रकार नाटकी वाटला. पण इतक्या मोठ्या संस्थेत एका टेबलाभोवती उभी असलेली माणसे एकमेकांना खरोखरच ओळखत नसतात.

लाभही मोठे आहेत. पहाटे तीन वाजता शंका आली तरी विचारायला अनुभवी माणूस सापडतो, रक्तपेढी त्याच इमारतीत असते आणि दुर्मिळ आजारांचे रुग्ण पाहायला मिळतात. रात्रपाळीचा थकवा मात्र कोठेच चुकत नाही. मला सर्वांत जास्त खटकते ते वेगळेच: आठवडाभर सांभाळलेला रुग्ण वॉर्डात गेला की पुढे त्याचे काय झाले, हे मुद्दाम चौकशी केल्याशिवाय कळत नाही.

मुलाखतीला गेलात, तर पगाराबरोबर दोन गोष्टी अवश्य विचारा: रात्री एका परिचारिकेकडे किती रुग्ण असतात, आणि नव्या व्यक्तीला पहिले किती आठवडे कोणाच्या तरी सोबतीने काम दिले जाते. याची उत्तरे मोघम मिळाली, तर मी तरी तेथे जाणार नाही.