हाँगकाँगची काँजी सासूबाईंना चालेल का?

प्रश्न: पुढच्या महिन्यात हाँगकाँगला चाललोय, सोबत सासूबाई आहेत. त्या मासे, कोळंबी खातात पण चिकन-मटण, पोर्क, बीफ काहीच नाही. तिथे काँजी आणि नूडल्सची साधी हॉटेलं पुष्कळ आहेत म्हणे. तांदळाची पेजच असेल तर त्यांना बिनधास्त देता येईल ना? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर: जरूर जा, पण बिनधास्त नको हां. काँजी दिसायला आपल्या पेजेसारखीच, फक्त तांदूळ भरपूर पाण्यात दाणा पार विरघळेपर्यंत तासन्‌तास शिजवलेला असतो आणि खूप ठिकाणी त्याच पाण्यात पोर्कची हाडं घालतात, त्यामुळे साधी पांढरी काँजी मागवली तरी वाटीकडे बघून काही कळत नाही.

म्हणून 'पोर्क नको, बीफ नको, चिकन नको, हाडांचं पाणीही नको' हे कुणाकडून तरी चिनीत लिहून घ्या, फोनमध्ये ठेवा आणि बसायच्या आधी दाखवा. जमणार नाही म्हणाले तर सरळ पुढचं दुकान बघा, सासूबाईंना फसवून खायला घालू नका. चालतंय म्हणाले तर माशाची काँजी मागवा. माशाचे पातळ काप उकळत्या काँजीतच शिजतात, वर आल्याच्या बारीक काड्या, कांद्याची पात, आणि पांढरी मिरपूड आपल्या हाताने भुरभुरायची. फार छान लागतं! फक्त काटे जपून. बुडवून खायला मैद्याच्या लांब तळलेल्या कांड्या मिळतात, त्या घ्याच. काळ्या अंड्याच्या (मुरवून काळं झालेलं अंडं) काँजीत मात्र बहुतेक वेळा पोर्क असतंच.

वाँटन (पातळ पारीत सारण भरलेली मोदकासारखी पुरचुंडी) नूडल्स त्यांच्यासाठी नकोच, आत कोळंबी दिसली तरी बऱ्याचदा पोर्क मिसळलेलं असतं आणि सूपही हाडांचं. तुम्हाला चालत असेल तर आवर्जून खा. अंड्याच्या बारीक, करकरीत नूडल्स सुपात भिजून मऊ पडू नयेत म्हणून चांगल्या दुकानात वाँटन खाली आणि नूडल्स वर ठेवतात, तेव्हा फोटो नंतर, आधी खाऊन घ्या. टेबलावर लाल व्हिनेगर असतं, थोडंसं घालून बघा.

गर्दीत अनोळखी लोकांच्या टेबलावर बसवतात, ते तिथे नेहमीचंच आहे, आणि खाऊन झाल्यावर गप्पा मारत बसू नका. रोख पैसे जवळ ठेवा, छोट्या दुकानांत कार्ड चालेलच असं नाही.

दुकानदाराला काही न विचारता सासूबाईंना निवांत जेवायचं असेल तर नान लियान गार्डनमध्ये ची लिन या बौद्ध मठाचं शाकाहारी रेस्टॉरंट आहे, डायमंड हिल स्टेशनवरून चालत जाता येतं.