शिंदळ माकुडी की माकडशिंग?

प्रश्न : ताई, भाद्रपदात जुन्नरजवळच्या एका डोंगरावर कातळाच्या भेगेत मांसल, बिनपानांची खोडं उभी दिसली. शेंड्याकडे छोटी, काळपट लाल फुलं होती. मित्र छातीठोकपणे म्हणाला, ही दुर्मीळ शिंदळ माकुडी! फोटो पाठवतो आहे. ती तीच का? – एक वाचक, नारायणगाव

उत्तर : फोटोतली वनस्पती माकडशिंग आहे. मित्राचा घोटाळा होणं साहजिक आहे. दोन्ही रुईच्याच कुळातल्या, दोन्ही कोरड्या कातळावर वाढणाऱ्या आणि दोघींची फुलं पाच पाकळ्यांची, लालसर.

पण भाद्रपदात शिंदळ माकुडीला पानं असतातच. पावसाळ्यात तिच्या खोडावर जाड, मांसल, लांबट पानं येतात आणि फुलंही त्याच दिवसांत येतात. तुमच्या फोटोत फूल आहे, पान एकही नाही. माझ्या मते एवढ्यावरच निकाल लागतो.

उन्हाळ्यात मात्र माकुडीची पानं गळून जातात आणि खरी पंचाईत होते. तेव्हा खोड बघा. माकडशिंगाचं खोड चौधारी असतं, बोट फिरवलं की कंगोरे लागतात, आणि शेंड्याकडे ते निमुळतं होत जातं. त्या बारीक भागावरच फुलं येतात. माकुडीचं खोड गोल, गुळगुळीत. ते कड्यावर लोळतं किंवा खाली लोंबतं, झुडपाच्या आडोशाने ताठ उभं राहत नाही. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढं, गडद तांबडं, कुणाला पिवळे ठिपके तर कुणाला नाहीत. त्यामुळे ठिपक्यांवरून ओळखायला जाऊ नका. पाकळ्यांच्या कडेची बारीक लव भिंगातून जरूर पाहा, फार देखणी असते.

शिंदळ माकुडी फक्त महाराष्ट्रात, सह्याद्रीच्या मोजक्या कड्यांवर उगवते. शिवनेरी हे त्यातलं एक ठिकाण. १८६०च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी तिची शास्त्रीय नोंद केली आणि मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ हे नाव दिलं. माकडशिंग त्या मानाने बऱ्याच ठिकाणी सापडतं, गुराखी ते कच्चंही खातात. पण वजन घटवण्याच्या गोळ्यांसाठी त्यालाही मागणी आहे, तेव्हा तेही उपटू नका.

माकुडी फांदीपासून सहज रुजते, म्हणून घरी हवी असेल तर लागवड केलेल्या रोपाची फांदी मिळवा. कड्यावरची तोडू नका. आणि कधी खरीखुरी माकुडी सापडलीच, तर फोटो खुशाल सगळ्यांना दाखवा, पण कडा कुठला ते जाहीर करू नका. मला पाठवताना खोडाचा एक जवळून काढलेला फोटो तेवढा जोडा.