बँक पीओची (प्रोबेशनरी ऑफिसर) मुलाखत पंधरा दिवसांवर आली आहे, तयारी कशी करू?

मेन्स (मुख्य परीक्षा) निघाली, शिक्षण मेकॅनिकलचं आणि मधे दोन वर्षं रिकामी, असं तुम्ही लिहिलंय. त्या दोन वर्षांचीच तुम्हाला जास्त धास्ती वाटतेय असं दिसतं. मी सरकारी बँकेत अधिकारी आहे, दुसऱ्या प्रयत्नात लागलो. पहिल्या वेळी मुलाखतीतच राहिलो, म्हणून तेच आधी सांगतो.

माझं गाव कोल्हापूर जिल्ह्यात, हुपरीजवळ. फॉर्मवर ते लिहिलेलं होतंच. पॅनेलमधल्या मॅडमनी विचारलं, "हुपरीचा पैंजण करणारा कारागीर कर्ज मागायला आला, तर काय काय बघाल?" आमच्याकडे चांदीचं काम घरोघरी चालतं. चांदी व्यापाऱ्याची की कारागिराची, मजुरी कशी ठरते, दर पडला की तयार माल कोण धरून बसतो, हे सगळं मी लहानपणापासून बघत आलेलो. पण मी आदल्या रात्री पाठ केलेलं बासेल थ्री (बँकांनी किती भांडवल राखावं याचे आंतरराष्ट्रीय नियम) सांगायला लागलो. मॅडमनी दोनदा मला परत कारागिराकडे आणायचा प्रयत्न केला. मला ते कळलंसुद्धा नाही.

म्हणून आज पहिलं काम हे करा: स्वतःच्या फॉर्मची प्रिंट काढा आणि प्रत्येक रकान्यावर बँकेच्या खुर्चीत बसून प्रश्न तयार करा. गावात कशावर पैसा फिरतो, ऊस, द्राक्षं, यंत्रमाग की दूध? जिल्ह्याची अग्रणी बँक, म्हणजे जिल्ह्यातल्या बँकांच्या कामाचा मेळ घालणारी बँक, कोणती? (कोल्हापूरची बँक ऑफ इंडिया, पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र. स्वतःच्या जिल्ह्याची माहीत नसेल तर फार वाईट दिसतं.) "मेकॅनिकल करून बँकेत कशाला?" हा प्रश्न येणारच. "मला समाजसेवा करायचीय" हे उत्तर पॅनेलनं सकाळपासून वीस वेळा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा एमआयडीसीतल्या शाखेचा विचार करा. तिथे सीएनसी मशीनसाठी कर्ज मागणारा येतो, कोटेशन आणतो, आणि ते मशीन तारण म्हणून किती वर्षं टिकेल हे तुम्हाला इतरांपेक्षा चांगलं कळतं. हे खरं उत्तर आहे, ते तुमच्याकडे आहे.

त्या दोन वर्षांच्या गॅपचं सांगायचं तर सरळ सांगा. परीक्षा देत होतो, अमुक वेळा प्रिलिम्स (पूर्वपरीक्षा) गेली, घरी अमुक काम बघितलं. खोटा कोर्स किंवा खोटी नोकरी घुसवू नका. दुसऱ्याच प्रश्नात ते उघडं पडतं, आणि बँकेत खोटेपणाला माफी नाही.

बँकिंगचं ज्ञान लागतं, पण थोडं आणि पक्कं. रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) मुलाखतीच्या आदल्या दिवशी तपासा. मुद्राचे (छोट्या उद्योगांसाठीची सरकारी कर्जयोजना) गट पाठ हवेत: शिशू 50 हजारांपर्यंत, किशोर 5 लाख, तरुण 10 लाख, आणि तरुण प्लस 20 लाखांपर्यंत. ठेवींवरचा विमा 5 लाखांचा. हप्ता 90 दिवस थकला की खातं एनपीए (थकीत कर्ज), हे सगळेच सांगतात. पण पीककर्जाला तो नियम लागत नाही, तिथे पिकाचा हंगाम मोजतात, एवढं पुढचं सांगितलंत तर पॅनेल मान वर करून बघतं. एक दिवस जवळच्या शाखेत जाऊन बसाच. काउंटरवर आजी पेन्शनसाठी अंगठा लावतात आणि मशीन तो घेत नाही, तेव्हा क्लार्क काय करतो ते बघा.

आयबीपीएसच्या पीओ भरतीत मुलाखत 100 गुणांची. पास व्हायला 40 टक्के लागतात, एससी, एसटी, ओबीसी आणि दिव्यांगांना 35. अंतिम यादीत मेन्स आणि मुलाखतीचं वजन 80 आणि 20, म्हणजे मुलाखतीत 10 गुण जास्त मिळाले की अंतिम यादीत 2 गुण वाढतात. कट-ऑफजवळ 2 गुण म्हणजे खूप झाले.

येत नसेल तिथे "सॉरी सर, माहीत नाही" म्हणा आणि थांबा. इंग्रजी अडलं तर परवानगी घेऊन हिंदीत बोला. मी दुसऱ्या वेळी तेच केलं.

आणि ओबीसी किंवा ईडब्ल्यूएसमधून असाल तर दाखला केंद्र सरकारच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. त्यावरची तारीख जाहिरातीशी जुळवून बघा. नसेल तर उद्याच तहसील कार्यालय गाठा, तिथे किती दिवस लागतील याचा भरवसा नसतो.