ऑस्करच्या रात्रीचं लाल-सोनेरी जेवण: बाकी काहीही करा, ती सोनेरी पावडर आणू नका

ताई, तुमच्या पोस्टमधल्या एका ओळीमुळे लिहायला बसलो. ऑस्करच्या निमित्ताने दहा-बारा जणांना घरी बोलावून लाल आणि सोनेरी रंगाचं जेवण करायचा तुमचा बेत छानच आहे. पण शेवटी तुम्ही विचारलंय, "गोडावर सोनेरी चमक येण्यासाठी केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी पावडर चालेल का?" तर नाही, चालणार नाही. आमच्या कोल्हापुरातल्या घरी असे रंगांचे बेत बरेचदा होतात आणि त्या पावडरीने आमची एक अख्खी पंगत नासवली आहे. म्हणून आधी तेवढंच सांगतो. माणशी भात किती, पोळ्या किती यात पडत नाही, ते तुम्हाला माहीत असणारच.

दुकानाचं नाव घेत नाही. काउंटरवर मी स्पष्ट विचारलं होतं, "श्रीखंडावर घालायची आहे, खाता येते ना?" उत्तर आलं, "बिनधास्त घाला, सगळे हीच नेतात." डबी अंगठ्याएवढी. वर फक्त "गोल्ड" आणि "नॉन-टॉक्सिक" असं छापलेलं. श्रीखंडावर ती दिसली मात्र सुरेख. बोटांना लागली की साबणाने धुतली तरी नखांच्या कडेला चमकत राहायची. त्या रात्री आधी माझ्या भाच्याला उलट्या सुरू झाल्या, मग आणखी दोघांना. दवाखान्यात डॉक्टरांनी डबी मागवून घेतली. किमतीचं स्टिकर सोललं तर त्याच्याखाली बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं: फक्त सजावटीसाठी, खाण्यासाठी नाही. म्हणजे नेमकी ती ओळ झाकली जाईल असंच स्टिकर लावलेलं. पोरं दुसऱ्या दिवशी बरी झाली, देवाची कृपा.

आता, उलट्या त्या पावडरीनेच झाल्या असं मी छातीठोकपणे म्हणत नाही. मी डॉक्टर नाही आणि पावडरीची तपासणी झाली नाही. ती झाली नाही, हाच माझा राग आहे. दुकानदार म्हणाला, "आम्ही बनवत नाही, कंपनीला विचारा." डबीवर कंपनीचा पत्ताच नव्हता. मग एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथे आधी सांगितलं, उघडलेली डबी नमुना म्हणून घेता येत नाही, सीलबंद आणा. पदरचे पैसे घालून सीलबंद डबी आणली, बिलही जोडलं. तर म्हणे, हिच्यावर "सजावटीसाठी" लिहिलंय, म्हणजे हा खाद्यपदार्थच नाही, आमच्याकडे येत नाही. मग कुणाकडे येतं? त्यावर उत्तर नाही. विकताना खायची वस्तू आणि तक्रार करताना शोभेची, या दोन खुर्च्यांच्या मधल्या फटीत आमचा अर्ज गेला तो गेलाच. ती डबी अजूनही तशीच विकली जाते. म्हणून जिथे जिथे हा प्रश्न दिसतो तिथे मी हे लिहितो.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. अमेरिकेत २०१८ साली ऱ्होड आयलंड राज्यात वाढदिवसाचा केक खाऊन लहान मुलं आजारी पडली होती आणि केकवरच्या चमकदार थरात तांब्याची पूड सापडली होती. "नॉन-टॉक्सिक" लिहिलंय म्हणजे ती वस्तू खायची आहे असं होत नाही, शाळेतल्या खडूवरही तसं लिहिलेलं असतं. खाण्याच्या वस्तूवर घटकांची यादी हवी, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा बघणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेचा) १४ अंकी परवाना क्रमांक हवा, शाकाहारी-मांसाहारी खूण हवी आणि कधीपर्यंत वापरायची ती तारीख हवी. यातलं एक जरी नसलं तरी डबी खाली ठेवा. दुकानदार ओळखीचा असला तरी ठेवा. स्टिकर सोलून बघायला लाजू नका.

लाल रंगाच्या पुडीबद्दलही माझं हेच मत आहे. मार्च २०२४ मध्ये शेजारच्या कर्नाटकाने गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगांवर आणि रंगीत कॉटन कँडीवर बंदी घातली, कारण नमुन्यांत ऱ्होडामाइन-बी निघालं. ते कापड रंगवायचं द्रव्य आहे. आपल्या देशात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे आणि तेही ठरावीक पदार्थांत, ठरावीक प्रमाणात. घरच्या रश्शात त्यांचं काही काम नाही. निदान कोल्हापूरच्या माणसाने तरी तांबड्या रंगासाठी पुडी आणू नये.

मग सोनेरी कसं आणायचं? नीट बघितलं तर सोनेरी म्हणजे पिवळा रंग आणि वर चकाकी. पिवळा रंग हळद, केशर, चणाडाळ देते. चकाकी साजूक तूप देतं नाहीतर साखर देते. गरम पुरणपोळीवर तूप सोडलं की ती दिव्याखाली कशी दिसते ते आठवा. श्रीखंडावर घालायला मी आता साखरेची काच करतो. जाड बुडाच्या कढईत नुसती साखर मंद आचेवर वितळवायची, चमच्याने ढवळायची नाही, कढईच हलवायची. रंग मधासारखा झाला की लगेच तूप लावलेल्या स्टीलच्या ताटाच्या पाठीवर ओतायची आणि ताट तिरकं करून पातळ पसरू द्यायची. मधाच्या रंगापुढे गेली की क्षणात काळी आणि कडू होते, त्यामुळे तेव्हा फोन उचलू नका. गार झाली की टकटक करून मोडायची. उजेडात धरली तर आरपार सोनेरी दिसते. हवाबंद डब्यात ठेवा आणि श्रीखंडावर अगदी वाढताना खोचा, नाहीतर पाणी सुटून चिकट होते. लहान मुलांना गरम साखरेच्या आसपास फिरकू देऊ नका.

वर्ख वापरायचा असेल तर विश्वासाच्या मिठाईवाल्याकडून घ्या. चांदीचा खरा वर्ख बोटांत चोळला की विरून जातो. त्याची गोळी झाली तर ॲल्युमिनियम समजा. सोन्याचा वर्ख खरा मिळतो, पण महाग आणि चवीला शून्य. तेवढ्या पैशात चांगलं केशर येतं, मी तेच घेईन.

गुळाचंही सांगून टाकतो. सोनेरी रंगासाठी पिवळाधमक गूळ शोधू नका. इतका उजळ रंग बहुतेक वेळा हायड्रोस नावाच्या रंग उजळवणाऱ्या रसायनाने आणलेला असतो. तपकिरी गूळ घ्या, आपला कोल्हापुरी गूळ खरा चवीला तोच, आणि तो गोडात आत जाऊ दे. सोनं दिसायला साखरेची काच आहेच.

आता लाल. तांबडा रस्सा तुम्ही करतच असणार, फक्त रंगापुरतं बोलतो. रंग ब्याडगीचा आणि तिखटपणा संकेश्वरीचा, दोन्ही मिरच्या हव्यात. ब्याडगीच्या बिया काढा, गरम पाण्यात भिजवा आणि गंधासारखी बारीक वाटा. मिरचीचा रंग पाण्यात सुटत नाही, तेलात सुटतो. म्हणून गॅस बारीक करून ते वाटण आणि घरची कांदा-लसूण चटणी तेलात कडेने तेल दिसेपर्यंत परता, मगच रस्सा ओता. सुकं खोबरं बदामी रंगावर थांबवा. करपलं की रस्सा तांबडा न होता विटकरी होतो, मग वर कितीही कट सोडा, फरक पडत नाही. बिटाच्या नादाला लागू नका. शिजवताना त्याचा रंग मळकट होत जातो आणि रश्श्याला गोडसर चव येते ती वेगळीच. कोशिंबिरीत कच्चं बीट लिंबू पिळून घाला, तिथे ते शोभतं.

पण लाल-सोनेरीपेक्षा माझा आग्रह तांबडा-पांढराचा आहे, रंगांची ही जोडी आपल्या घरात आधीपासूनच आहे. ऑस्करचा गालिचा लालच असतो असंही नाही, २०२३ साली तो फिकट शॅम्पेन रंगाचा होता. आणि पांढऱ्याला कोल्हापुरात एक जास्तीचं कारण आहे. पहिलं भारतीय ऑस्कर ज्यांना मिळालं त्या भानू अथय्या इथल्याच, जन्म १९२९चा, कोल्हापूरचा. एप्रिल १९८३ मध्ये 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ते मिळालं. खादीचा पांढरा जगाला दाखवला त्या बाईंच्या गावात पांढरा रस्सा नसलेलं ऑस्करचं जेवण मला तरी पटत नाही. पाहुण्यांना वाटी देताना हे जरूर सांगा. इथल्या पोरांनाही माहीत नसतं, याचं वाईट वाटतं.

पांढऱ्याची गोम एकच: मटण शिजवताना सवयीने हळद पडते. त्यासाठीचं अळणी, म्हणजे मटण शिजवलेलं पाणी, वेगळं काढा, हळद न घालता. दहा-बारा जणांना दोन लिटर अळणी, दोन नारळांचं घट्ट दूध, वीसेक भिजवलेले काजू, दोन-दोन मोठे चमचे पांढरे तीळ आणि खसखस, यातले काजू, तीळ आणि खसखस एकजीव वाटून गाळून घ्या. तुपात खड्या मसाल्याची फोडणी, तिखटपणाला पांढरी मिरी. नारळाचं दूध घातल्यावर खळखळून उकळी येऊ देऊ नका, फुटतं. सोबत आजऱ्याचा घनसाळ तांदूळ मिळाला तर सोन्याहून पिवळं.

एक गोष्ट तुमच्या पोस्टमध्ये दिसली नाही. सोहळा लॉस एंजेलिसला रविवारी संध्याकाळी असतो, म्हणजे आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेचार-साडेपाचला. रात्रीचं जेवण म्हणालात तर ते सोमवारी पुनःप्रक्षेपण बघताना होणार, आणि सोमवारी आपल्यातली अर्धी मंडळी मटणाला हात लावत नाहीत. आधी फोन करून विचारा. सोमवार पाळणारे जास्त असतील तर तांबड्यात अख्खा मसूर करा, आणि फ्लॉवर, बटाटा, कांद्याच्या पाण्यात तोच पांढरा रस्सा. चांगला लागतो, मटणाची बरोबरी करतो असं मात्र म्हणणार नाही. दुसरा पर्याय म्हणजे रविवारी रात्री जेवण आणि पहाटे उठून थेट सोहळा. आमच्याकडे हल्ली तसंच करतात, निकाल दिवसभर कानावर पडत नाहीत हा फायदा.

जेवणाच्या खोलीत पिवळा बल्ब असेल तर त्या दिवसापुरता पांढरा लावा. पिवळ्या उजेडात पांढरा रस्सा पिवळट दिसतो आणि हळद घातलीत का म्हणून दहा जण विचारतात. सोनेरी ताटं हवी असतील तर पितळेची घासून घ्या, पण कल्हई नसेल तर त्यात रस्सा, दही, लिंबू, सोलकढी असं काही वाढू नका. वाट्या स्टीलच्याच ठेवा.

मी स्वयंपाकाचं शिक्षण घेतलेला माणूस नाही, हे सगळं घरच्या चुलीवरचं आहे. कुणाला काजूची, तिळाची किंवा खसखशीची ॲलर्जी असेल तर पांढऱ्याचं वाटण बदलावं लागेल. सोमवार की रविवार आणि शाकाहारी किती, एवढं कळवा, मसुराचं आणि रश्श्याचं प्रमाण त्या हिशोबाने लिहून देतो.