माया वेगळी, सातबारा वेगळा

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज रात्री वाचला. मोबाइलवर आजोळचा सातबारा उघडलास, त्यावर आईचं नाव नाही. आईला विचारलंस तर म्हणाली, "मीच सही दिली होती, विषय वाढवू नकोस." आणि नेमका आत्ताच मामा दवाखान्यातून घरी आलाय, मामीचे फोन येतायत की सारखं तुझं नाव काढतो. तू विचारतेस, "काका, मग लहानपणी जे केलं ते सगळं नाटक होतं का?"

नाटक? अगं, सात-आठ वर्षांच्या पोरीपुढे नाटक करून त्याला काय मिळणार होतं? तुझ्या नावावर कुठली जमीन होती? जत्रेत तुला खांद्यावर घेऊन फिरला, तापात उशाशी बसून राहिला, हे तूच लिहिलंयस. ते झालेलं आहे. कुठल्याही फेरफाराने ते कमी होत नाही. माया वेगळी आणि सातबारा वेगळा. हे मी तुला आज पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कंटाळलीस तरी.

माझा मामा एसटीत कंडक्टर होता. मे महिन्यात आम्ही आजोळी असलो की बऱ्याचदा गावच्या मुक्कामी गाडीवर त्याचीच ड्यूटी असायची. गाडी पारापाशी लागली की ड्रायव्हर मारुतीच्या देवळात पथारी टाकायचा आणि मामा घरी यायचा. हातपाय धुऊन ओसरीवर वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, भरायला बसायचा. नाणी लावायचं काम माझं. कातरलेल्या कडांचे दहा पैसे, चाराणे, आठाणे, प्रत्येकाची वेगळी चळत. तिकिटाला भोक पाडायचा तो चिमटा मला हातात मिळायचा, आणि मग रद्दीच्या कागदांची चाळणी होईपर्यंत मी तो सोडायचो नाही. मामाच्या खाकी शर्टाच्या शिवणीत तिकिटांच्या रंगीत टिकल्या अडकलेल्या असायच्या, मामी धुताना वैतागायची.

एसटीचे पैसे चामडी पिशवीत, स्वतःचे शर्टाच्या आतल्या खिशात. ड्यूटीवर चढताना खिशात स्वतःची रोकड किती, तीही लिहून द्यावी लागायची. मी त्याच्या गाडीत बसलो तर माझं अर्धं तिकीट फाडायचा आणि आतल्या खिशातले पैसे काढून पिशवीत टाकायचा. मी एकदा म्हटलं, "तपासणीस तर नाहीये." म्हणाला, "नसू दे. पिशवी एसटीची आहे."

आता ऐक. याच माणसाने आजोबा गेल्यावर माझ्या आईची आणि मावशीची हक्कसोडपत्रावर सही घेतली. दुय्यम निबंधकाच्या कचेरीत दोघींना नेलं, अंगठे उठवले, येताना हॉटेलात जेवू घातलं, त्या दिवाळीला भाऊबिजेच्या ओवाळणीत भारीतली साडी घातली. एसटीच्या पाच पैशांना न चुकणारा माणूस बहिणींच्या हिश्शाला चुकला. मला अजून राग येतो. आणि चिमट्याचा तो कट्-कट् आवाज आठवला की अजून बरंही वाटतं. दोन्ही खरं आहे. एका खिशातले पैसे दुसऱ्यात टाकायचे नाहीत, हे मला त्यानेच शिकवलंय.

माझ्या थोरल्या भावाने मामाचं नाव टाकलं. मी जात राहिलो. त्यावरून भाऊ मला फितूर म्हणाला, वहिनी लोचट म्हणाली. म्हणू देत. मी मामाची वकिली कधी केली नाही. त्याच्याच ओसरीवर बसून, त्याचाच चहा पिऊन, तोंडावर विचारलं, "आईचा वाटा कुठाय?" त्याला उत्तर देता आलं नाही. पानाला चुना लावत बसला. मग फितूर कोण? घरी बसून शिव्या घालणारा, का दारात जाऊन विचारणारा? भाऊ मामाच्या मयतीलाही आला नाही. अजून आमच्यात धड बोलणं नाही. असो, हे तुला सांगायचं नव्हतं, पण आलं ओघात.

खंत वेगळीच आहे. आम्ही दोघं भाऊ आईच्या नावाने भांडलो, आणि तिला नेमकं काय हवं होतं ते विचारायचं राहूनच गेलं.

तेव्हा तू उलट्या बाजूनेही घसरू नकोस. "इतकी माया लावणाऱ्या मामाला जमिनीचं कसं विचारू" हे वाक्य तुझ्या मेसेजमध्ये आहे, आणि मला ते पहिल्यापेक्षाही आवडलं नाही. मायेवर जमीन वळती करायची ही रीत जुनी आहे. महाराष्ट्राने 1994 मध्ये वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, पण तोवर लग्न झालेल्या मुली बाहेरच राहिल्या. 2005 च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती आडकाठी गेली. हा हक्क मिळायला ती दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, 9 सप्टेंबर 2005 ला, वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. एवढं होऊनही कचेऱ्यांत बहिणींच्या सह्या होतच असतात, कारण बाईला भीती कायद्याची नसते, माहेर तुटण्याची असते. चोळीबांगडीचं माहेर राहावं म्हणून ती एकरांवर पाणी सोडते. तुझ्या आईने तेच केलं असेल, किंवा खरंच मनापासून दिलं असेल. तुला माहीत नाही. मलाही नाही.

म्हणून आधी कागद बघ. सातबाऱ्यावर फेरफार क्रमांक असतो, त्यावरून फेरफाराचा उतारा काढ. मग हक्कसोडपत्राची नक्कल. सही कधी झाली, साक्षीदार कोण, मोबदला लिहिलाय का, हे नीट वाच. नोंदवलेली सही स्वखुशीची असेल तर ती सहजी मागे फिरत नाही. फसवून घेतली असेल तर ते सिद्ध करावं लागतं, आणि दाव्याला मुदत असते, म्हणून उगाच चालढकल नको.

आणि मामाकडे जा. या रविवारीच जा. जाताना चेहऱ्यावर सातबारा घेऊन जाऊ नकोस. त्याला काय चालतं ते मामीला विचारून ने, जत्रेचं आठवतंय ते त्याला सांग, मनसोक्त सांग. आजारी माणसाच्या खाटेशी हिशेब काढायचा नाही. तो मामेभावाशी काढायचा, दुसऱ्या दिवशी, अंगणात, शांतपणे. मामेभाऊ म्हणेल, "काल तर गळ्यात पडत होतीस." म्हणू दे. काल मामाकडे आले होते, आज हिश्शाचं विचारायला आलेय, एवढंच सांग.

पण त्याआधी, म्हणजे शनिवारपर्यंत, आईला एकटीला गाठ. दादा नको, बाबा नकोत. "सही का दिलीस" असं विचारू नकोस, ती गप्प होईल. "तुला आता काय हवंय" एवढंच विचार. ती नको म्हणाली तर नको, तिथे तुझी हुशारी चालवायची नाही. हवं म्हणाली तर मला रात्री कितीही वाजता फोन कर, माझ्या ओळखीच्या वकीलबाई आहेत, सोमवारची वेळ घेऊन ठेवतो.

तुझा,
काका