म्हाताऱ्यांना उभं करायची नोकरी

पत्र : माझी मुलगी बेळगावात बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी) झाली, इंटर्नशिप नुकतीच संपली. शहराबाहेरच्या एका निवासी देखभाल केंद्रात तिला फिजिओथेरपिस्टची नोकरी मिळतेय. तिथं चाळीसेक म्हातारी माणसं राहतात, बरीचशी अंथरुणाला खिळलेली. तिला जायचं आहे. तिच्या बाबांचं म्हणणं, एवढा पैसा घालून शेवटी म्हाताऱ्यांचे हातपायच चोळायचे का? पुण्यात एका स्पोर्ट्स क्लिनिकमध्ये ओळखीनं लागत होतं. इथं पगारही कमी. वर्षानुवर्षं तिथंच अडकली तर पुढं काय? – एक आई, खानापूर तालुका

ताई, नमस्कार.

हातपाय चोळायला कुणी साडेचार वर्षं शिकत नाही. आणि जे केंद्र फिजिओला तेवढ्यासाठीच ठेवतं, तिथं मुलीला पाठवूच नका. पण मग अडचण त्या केंद्राची झाली, कामाची नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो : केंद्र बरं असेल, तर पहिली नोकरी म्हणून ही पुण्याच्या क्लिनिकपेक्षा उजवी आहे.

तिथं काम काय असतं ते नीट सांगतो, कारण बाबांच्या डोळ्यासमोर बहुधा तेलाची वाटी आहे. समजा, सत्तरी ओलांडलेले एक शेतकरी. लकवा मारला, उजवी बाजू गेली. घरच्यांनी काळजीपोटी सहा महिने कॉटवरून उतरू दिलं नाही. माणूस पडून राहिला की मांड्यांचे स्नायू काही दिवसांतच झिजायला लागतात, वाकवून ठेवलेले गुडघे तसेच आखडतात, माकडहाडापाशी कातडी लाल होऊन जखम धरते. असा माणूस केंद्रात आला की त्याला पुन्हा भातशेतीत उभं करायचं, असं ध्येय कुणी ठेवत नाही. ध्येय असतं : कॉटवरून उठून शेजारच्या कमोडच्या खुर्चीवर बसणं, सगळा भार दुसऱ्याच्या अंगावर न टाकता. ऐकायला किरकोळ वाटेल. ज्याला दिवसातून चार वेळा दोघांनी उचलावं लागतं, त्याला ते किरकोळ वाटत नाही.

मग हे उठणं शिकवायचं. आधी बैठकीच्या कडेला सरकायचं. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागं घ्यायची. अंग एवढं पुढं झुकवायचं की नाक पावलांच्याही पुढं गेलं पाहिजे, आणि मग ढुंगण उचलायचं. आपण घरी काय करतो? समोर उभं राहून दोन्ही हात धरून ओढतो. लकव्यानं लुळा पडलेला हात असा ओढला की खांदा सांध्यातून खाली सरकतो, आणि त्याचं दुखणं महिनोन्‌महिने जात नाही. काखेत हात घालून उचललं तरी तेच. म्हणून फिजिओचं निम्मं काम म्हाताऱ्यांबरोबर नसतंच, ते सांभाळणाऱ्या मावशींबरोबर असतं. मुलगी अर्धा तास व्यायाम घेऊन पुढच्या खोलीत जाईल, उरलेले साडेतेवीस तास तो माणूस मावशींच्या हातात. पडून असलेल्याला साधारण दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची, उशी कुठं लावायची, उचलताना हात कुठं धरायचा, हे मावशींच्या अंगवळणी पाडणं हेच तिचं खरं कौशल्य. तेवीस वर्षांच्या मुलीनं पन्नाशीच्या मावशीला शिकवायचं, आणि तिला राग येऊ द्यायचा नाही! हे कुठल्या सिलॅबसमध्ये नाही.

दुसरा मोठा विषय पडण्याचा. म्हातारपणी खुब्याचं हाड मोडलं की घरदार हलतं, हे तुम्ही गावात पाहिलंच असेल. फिजिओकडे त्यासाठी एक अगदी साधी चाचणी आहे. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. घड्याळ लावून बघायचं. बारा सेकंद किंवा त्याहून जास्त लागले तर हा माणूस पडू शकतो, असं धरून पुढं शोध घ्यायचा. शोध म्हणजे कधी पायातली गुळगुळीत झालेली रबरी चप्पल, कधी मोरीतली ओली शहाबादी फरशी. खानापूरच्या पावसाळ्यात तर व्हरांडा चार महिने सुकत नाही. कधी बीपीची गोळी, जिच्यामुळं पटकन उठलं की चक्कर येते. हे तिनं डॉक्टरांच्या कानावर घालायचं. कधी नुसती वॉकरची उंची चुकलेली असते. माणूस सरळ उभा राहून हात खाली सोडला की वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत यायला हवी. अन् काठी दुखऱ्या पायाच्या उलट्या हातात. घरोघरी ती दुखऱ्या बाजूलाच धरलेली दिसते, कुणी सांगितलेलंच नसतं.

एक गोष्ट तुमच्या मुलीकडे आहे आणि पुण्याच्या मुलीकडे नाही : तिला कन्नड येतं. आपल्या भागातल्या कुठल्याही केंद्रात एका कॉटवर मराठी आजी, पलीकडे कन्नड आजोबा, त्यापुढं कोकणी बोलणारी बाई, एखादे उर्दू बोलणारे चाचा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला एका वेळी एकच सूचना कळते, तीही लहानपणीच्या भाषेत पटकन. ‘एळ्री’ म्हटल्यावर जो उठतो, तो ‘उठा’ म्हटल्यावर बघत बसतो. पत्रात तुम्ही ही गोष्ट लिहिलीच नाहीत. मुलाखतीत मात्र तिनं ती आधी सांगावी.

आता पुणे. खेळाडूंचा फिजिओ व्हायला कुणाला आवडणार नाही? पण जागा थोड्या आणि तिकडे जाणारे ढीगभर. बऱ्याच क्लिनिकमध्ये नव्या मुलीला दिवसभर मशीन लावणं-काढणं एवढंच मिळतं. इकडे २०११ च्या जनगणनेतच देशात साठीपुढची माणसं दहा कोटींच्या वर होती. आपल्याकडची पोरं पुण्याला, गोव्याला, बंगळूरला. मागं राहतात आईवडील. काहींच्या हातात पेन्शन आहे. बेळगाव म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, माजी सैनिकही भरपूर. ही गरज कमी व्हायची नाही. अर्थात मुलीला म्हाताऱ्यांत मनापासून करमत नसेल तर गोष्ट वेगळी. पण तुम्हीच लिहिलंय की तिला जायचं आहे. आणि ओळखीनं लागलेल्या जागी पगाराचा विषय काढायला जीभ वळत नाही, हेही बाबांना सांगा.

पगार कमीच असणार. ते गोड करून सांगण्यात अर्थ नाही. तो कसा भरून काढता येईल ते बघा. कामाची वेळ लेखी घ्या, आणि वेळ संपल्यावर बाहेर घरी जाऊन रुग्ण बघायला परवानगी आहे का, हे ऑफर लेटरमध्येच लिहून घ्या. बेळगावात टिळकवाडी-शहापूर भागात ऑपरेशननंतर घरी व्यायाम घ्यायला माणूस हवा असणारी घरं असतातच. वीस किंवा जास्त कर्मचारी असतील तर पीएफ लागू होतो, विचारायला लाजू नका. हुद्दा ‘फिजिओथेरपिस्ट’ असाच लिहिलेला हवा. ‘केअर स्टाफ’ असं मोघम असेल तर उद्या मावशी रजेवर गेली की डायपर बदलायलाही हिलाच बोलावतील. त्या कामात कमीपणा नाही, पण मग चाळीस जणांचे व्यायाम कोण घेणार? आठवड्यातून निदान एकदा डॉक्टर येतात का, कुणी अनुभवी फिजिओ महिन्या-दोन महिन्यांतून तरी बघायला येतो का, उचलताना कमरेला बांधायचा पट्टा आहे का, हेही विचारायचं. नसेल तर तिच्या स्वतःच्या पाठीची वाट लागेल. राहायचं केंद्रातच की रोज खानापूरहून ये-जा, हा तुमच्या घरचा निर्णय. संध्याकाळच्या बसचा तेवढा हिशेब करा.

आणि एक अवघड गोष्ट. तिथं माणसं जातात. ज्यांना तीन महिने खपून चार पावलं टाकायला शिकवलं, ते एका सकाळी कॉटवर नसतात. पहिल्या वेळी ती घरी येऊन जेवणार नाही. तेव्हा ‘म्हणून सांगत होतो’ असं कुणी म्हणू नका.

अडकण्याची भीती मात्र सोडा. दोन वर्षं मन लावून काम केलं की एमपीटी, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, करता येतं. तो दोन वर्षांचा कोर्स आहे, बेळगावातच केएलईच्या फिजिओथेरपी संस्थेतही होतो. त्यात तिनं न्यूरो, म्हणजे मेंदू-मज्जातंतूंच्या आजारांची शाखा, निवडावी असं मला वाटतं, कारण लकवा आणि कंपवाताचे इतके रुग्ण तिनं आधीच हाताळलेले असतील की वर्गातलं पुस्तक तिला ओळखीचं वाटेल. त्यासाठी रुग्णागणिक नोंदी ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावावी : आला तेव्हा काय जमत होतं, महिन्यानं काय जमतं, किती सेकंदांत. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं फिजिओथेरपिस्टची नोंदणी राज्य परिषदेकडे करायची तरतूद केली आहे, ते काम आत्ताच उरकून घ्या. पुढं परदेशी जायचं मनात आलं तरी पदवीबरोबर नोंदणीचे आणि अनुभवाचे कागद मागतात.

होकार कळवायच्या आधी बाबांना मुलीबरोबर केंद्र बघायला पाठवा. सकाळी दहा-अकराला जावं. दुपारी सगळेच आडवे असतात. किती जण खुर्चीत आहेत आणि किती कॉटवर, ते मोजावं. तुम्ही लिहिलंय की बरीचशी अंथरुणाला खिळलेली आहेत. ती खिळलेली आहेत की खिळवलेली, हे तिथल्या व्यवस्थापकांना सरळ विचारा. ‘फिजिओ नव्हती म्हणून’ असं उत्तर आलं तर मुलीला जाऊ द्या. ‘उठवलं तर पडतील, नसती कटकट’ असं आलं, तर दुसरं केंद्र शोधा.