लेकरांना झाडावरच्या वटवाघळांची भीती वाटते, ओळख कशी करून देऊ?

सुट्टीत मुलं गावी येतात आणि झाडावर लटकलेली वटवाघळं बघून अंगणातपण येत नाहीत, काय करावं, असं विचारलंय तुम्ही. आमच्या गावातपण चिंचेवर यांची मोठी वस्ती आहे, भाचे-पुतणे आले की मीच दाखवायला नेतो म्हणून सांगतो.

आधी वर बघायला लावूच नका, खाली बघायला लावा. सकाळी झाडाखाली अन् उंबराखाली चोथ्याच्या चपट्या गोळ्या पडलेल्या असतात, त्या काडीने उलटून दाखवा. वटवाघूळ फळ तोंडात दाबून रस पितं अन् चोथा थुंकतं, आपण ऊस खातो तसंच, हे कळलं की पोरं स्वतःच वर बघायला लागतात.

मग दुपारी लांबच्या सावलीतून दुर्बिणीने दाखवा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, तेव्हा ती पंखांनी वारा घेत असतात, अंग चाटून ओलं करतात. पंख म्हणजे त्यांचा हातच, बोटं लांब होऊन मधे कातडी ताणलेली, अंगठा तेवढा मोकळा अन् त्याला नखी. लघवी लागली की ते फिरून त्याच अंगठ्यांनी फांदीला लटकतं, डोकं वर, म्हणजे स्वतःच्या अंगावर उडत नाही! हे दिसलं की लहानी पोरं हसून लोळतात, भीती कुठल्या कुठे जाते. पण दगड मारून उडवू द्यायचं नाही, त्या उन्हात उडवलं तर जीव जातो त्यांचा.

मार्च-एप्रिलमध्ये आलात तर अंधार पडताना मोहाखाली न्या. ही मोठी वटवाघळं डोळ्यांनी अन् वासाने वाट काढतात, आवाजाचा अंदाज घेऊन उडतात त्या किडे खाणाऱ्या बारक्या पाकोळ्या, म्हणजे छोटी वटवाघळं. मोहाची गोड फुलं खाता खाता परागकण या झाडावरून त्या झाडावर जातात, अन् तेव्हा कुठे टोळी, म्हणजे मोहाचं फळ, धरते. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात यांना उंदीर-कावळ्यांसोबत उपद्रवी म्हणून टाकलं होतं, २०२२ च्या दुरुस्तीत ती यादीच काढली, मला तर हे फार आधी व्हायला पाहिजे होतं असं वाटतं.

एक गोष्ट मात्र कडक सांगा: हात लावायचा नाही, खाली पडलेल्या पिल्लालापण नाही, अन् उष्टा पेरू खायचा नाही. रेबीज, निपाहसारखे आजार त्यांच्याकडून येऊ शकतात. चुकून चावलं किंवा ओरखडलं तर साबणाने भरपूर धुवून लगेच दवाखान्यात न्या, आणि पिल्लू पडलेलं दिसलं तर वनविभागाला फोन करा.